सुरक्षा दिनाचं भाषण

"फक्त एवढंच म्हणायचं, मैनाताई," कारखान्याचे मॅनेजर कमलाकांतसाहेब चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "की आजारपणात कंपनीनं मला घरच्यासारखं सांभाळलं. मग शाल, श्रीफळ, टाळ्या. झालं."

मैना पलंगावर बसून ऐकत होती. ऑपरेशनला महिना होऊन गेला तरी फार वेळ बसलं की ओटीपोट दुखायचं.

"अन् आजार कायचा होता, थे सांगू का?"

"ते कशाला? बाईमाणसानं चारचौघांत..." साहेबांनी वाक्य अर्धवटच सोडलं.

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या त्या रंगाच्या कारखान्यात मैनाची उमर गेली होती. पिवळी पावडर थैलीत भरायची, तोलायची, तोंड शिवायचं. नाकाला रुमाल, आणि धुळीवर उतारा म्हणून कंपनीकडून गुळाचा खडा. घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली तरी उशीचा अभ्रा पिवळा व्हायचा. लघवी लाल झाली तेव्हा कंपनीच्या डॉक्टरांनी "उन्हाळी लागली, पाणी प्या" म्हणत वर्षभर गोळ्या दिल्या. शेवटी अमरावतीला नर्सिंग शिकणारी तिची मुलगी पायल तिला तिकडच्या दवाखान्यात घेऊन गेली. लघवीच्या पिशवीत कॅन्सरची गाठ निघाली.

डॉक्टरीणबाईंनी कामाची चौकशी केली. "काही रंगांच्या रसायनांनी हा होतो, आणि कित्येक वर्षांनी वर येतो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला त्यानंच झाला असं मी छातीठोक सांगणार नाही. पण तुमच्या खात्यातल्या सगळ्या बायकांनी तपासून घ्यायला हवं."

मैनानं हे आधी रुख्मिणीला सांगितलं. दोघी एकाच वजनकाट्यावर काम करायच्या. रुख्मिणी पदराचं टोक पिळत राहिली.

"मले बी लघवी लाल होते. मंधामंधात," ती म्हणाली. "कोनाले सांगू नको, माय. पोरीची सोयरीक चालू हाय."

मैनानं शब्द दिला. पण त्या दिवसापासून तिला जेवण गोड लागेना.

सुरक्षा दिनाला कारखान्याच्या आवारात मांडव घातला होता. मालक, अधिकारी, समोर सगळे कामगार. मैनाचं नाव पुकारलं गेलं. साहेबांनी शाल उलगडली; तिनं हातानंच थांबवलं आणि माईक धरला.

"साऱ्याइले जयभीम. मले लघवीच्या पिशवीचा कॅन्सर झाला होता."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

"हासा. मी बी लाजली, म्हणूनच तं वर्ष वाया गेलं. बायाहो, लघवी लाल झाली तं उन्हाळी समजून बसू नका. पावडर खात्यातल्या साऱ्याजणी तपासून घ्या. गुळानं हे जात नाही!"

माईक बंद पडला. साहेबांच्या इशाऱ्यावर माईकवाल्या पोरानं वायर काढली होती.

"काढा वायर," मैना आवाज चढवून म्हणाली. "मशीनच्या गोंगाटात बोलाची सवय हाय मले!" आणि तिनं तेच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. रुख्मिणीकडं मात्र एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वॉचमननं तिला गेटवरच अडवलं. कामावरून कमी केलं होतं.

"आई, नोकरी गेली ना!" पायल फोनवर रडकुंडीला आली.

"नोकरीच गेली. मी हाय ना."

कारखान्यात हातमोजे आले, तोंडाला बांधायचे चांगले मास्क आले. पावडर तीच राहिली. पण रविवारी खात्यातल्या बाया एकमेकींच्या घरी जाऊन कुजबुजल्या, आणि सोमवारी त्यांनी सुट्ट्या टाकल्या.

अमरावतीच्या बसमध्ये मैना पुढं बसली होती. मागं खात्यातल्या बाया. बस सुटता सुटता तोंडाला पदर गुंडाळलेली रुख्मिणी चढली आणि दांडा धरून उभी राहिली.

"काय मावशी, बारशाले चालल्या का साऱ्या?" कंडक्टरनं हसत विचारलं.

"लघवी तपासाले," मैना म्हणाली.

कंडक्टर उगाच तिकिटाच्या मशीनची बटणं दाबू लागला.

रुख्मिणीनं तोंडावरचा पदर खाली घेतला.

"मले बी तिथंच जाचं हाय, भाऊ," ती म्हणाली, आणि मैनाच्या खांद्याला हात लावला. "सरक व जराशी."