आ, ई आणि एक डबा

प्रयोगशाळेत मातीच्या बरण्यांवर नावं नव्हती, अक्षरं होती: अ, आ, इ, ई. कुठली माती तणनाशक किती घट्ट धरते, ते तपासायचं. माती, पाणी आणि औषध बाटलीत घालून यंत्रावर दिवसभर घुसळायचं, मग पाण्यात किती औषध उरलं ते मोजायचं. उरलं नाही, म्हणजे मातीनं धरलं.

मोजायचं काम ताईंकडे. घुसळणाऱ्यांना सगळे 'हलवे' म्हणत, कारण यंत्र बंद असलं तरी त्यांचा पाय हलतच असे.

ताईंच्या टेबलावर बिस्किटांचा एक छोटा डबा असायचा. माहेरचं घर विकताना भावानं अंगणातली माती भरून दिली होती. ताईंनी वर लिहिलं होतं, 'आई'. अधूनमधून झाकण उघडून नुसता वास घ्यायच्या. आईच्या गुलाबाची फांदी घरी खिडकीत, ग्लासात, मुळं धरत होती. रविवारी ती ह्या मातीत लावायची होती.

शुक्रवारी डबा रिकामा.

"हलवे, ह्यातली माती?"

"घुसळली की! बारा बाटल्या भरल्या."

"अहो, ती आई होती!"

"तेच म्हणतोय ना. आ आणि ई, मिसळलेली."

"माझी आई, हलवे."

हलव्यांचा पाय पहिल्यांदाच थांबला.

ताईंनी एक बाटली उघडून नाक लावलं. नुसतं औषध. मग करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून मोजलं. पाण्यात औषध जवळजवळ नव्हतंच.

साहेब उखडले. "एवढं घट्ट कुठली माती धरते? औषध घालायचं विसरलात तुम्ही."

"घातलंय, साहेब. वासानं माझं डोकं उठलं होतं," हलवे म्हणाले.

"मग ह्या मातीत आहे तरी काय?"

"चहाचा चोथा," ताई म्हणाल्या. "भाज्यांची सालं, वाळलेली पानं. तीस वर्षं. आई काही टाकायची नाही, सगळं पुरायची."

"पुन्हा करा. आणखी आणा."

"तिथे आता फरशी बसवलीय, साहेब."

साहेबांनी शेरा मारला: 'आ + ई. मिश्रण संशयास्पद.'

संध्याकाळी हलवे, तेवढीच भरपाई म्हणून, डबा घासायला बसले. "ताई, कोपऱ्यातली निघत नाहीये हो."

"नाहीच निघायची," म्हणत ताईंनी डबा हिसकावला.

रविवारी त्यांनी अक्षरं सांभाळून डब्याला भोकं पाडली, विकतची माती भरली, फांदी खोचली. मग चहा केला, प्यायचा तसाच ठेवला आणि गाळणीतला चोथा आधी डब्यात पुरला.