संध्याकाळी पाहिलेलं घर

“हात ठेव. नुसता बघत काय उभा राहिलायस? ठेव इथं.”

तिनं नवऱ्याचा हात धरून बेडरूमच्या भिंतीला टेकवला आणि शेजारी स्वतःचाही तळवा ठेवला. दोघं तशीच उभी राहिली. तिच्या अंगावर अजून हॉस्पिटलचे कपडे होते. रात्रपाळी संपवून ती नुकतीच घरी आली होती. तो खास या एका कामासाठी रजा टाकून बसला होता.

“काही नाही,” तो म्हणाला.

“थांब जरा. होईल सुरू.”

“अगं, कधीची थांबलोय आपण.”

“थांब म्हणतेय ना!”

भिंत ढिम्म हलली नाही. एरवी याच वेळी ती अशी थरथरायची, की कपाटावरची पावडरची डबी सरकत सरकत कडेला यायची. भिंतीपलीकडे ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणारं दुमजली वर्कशॉप होतं. त्याचं तोंड मागच्या गल्लीत, त्यामुळे त्यांच्या दारातून ते दिसायचंही नाही. नवरा ऑफिसला गेला की थोड्या वेळानं तिथलं कटर सुरू व्हायचं, आणि तो घरी यायच्या आत बंद. आठवड्याची सुट्टीसुद्धा त्याची आणि वर्कशॉपची एकाच दिवशी. नवऱ्यानं आणि वर्कशॉपवाल्यानं मिळूनच हे ठरवलं असावं, असं तिला हल्ली वाटायला लागलं होतं.

घर बघताना त्यांनी काही कमी केलं होतं असंही नाही. नवरा विमा कंपनीत पाहणीचं काम करायचा. जळालेली दुकानं, ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि नुकसान खरं की खोटं ते लिहायचं. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करत नाही, याचा त्याला कोण अभिमान! हे घर त्यानं तसंच बघितलं. सगळे नळ सोडले, फ्लश ओढला, प्रत्येक प्लगमध्ये चार्जर घालून पाहिला. फरशा ठोकल्या. आधीच्या भाडेकरूनं पाडलेल्या ओरखड्यांचे फोटो काढले, म्हणजे घर सोडताना ते आपल्या गळ्यात नकोत. भाडेकरार शब्द न् शब्द वाचला. मुदतीआधी घर सोडलं तर अनामत बुडणार, हे वाचल्यावर घरमालकाशी घासाघीस करून ‘सबळ कारण दाखवल्यास सोडता येईल’ हेही त्यात घालून घेतलं. एजंट घाम पुसत म्हणाला होता, “साहेब, लग्न जमवतानासुद्धा लोक एवढं बघत नाहीत हो.”

शेजारीही विचारून झालं होतं. समोरच्या काकूंनी हसून सांगितलं होतं, “शांतता म्हणाल तर विचारू नका. टाचणी पडली तरी ऐकू येईल.” काकू दिवसा कानाचं मशीन काढून ठेवतात, हे राहायला आल्यावर कळलं.

आणि हे सगळं झालं संध्याकाळी. त्याचं ऑफिस सुटल्यावर आणि तिची ड्यूटी लागायच्या आत दोघांना एकत्र मिळायचा तो तेवढाच वेळ. तीन वेळा आले, तिन्ही वेळा दिवे लागल्यावर. जिला आयुष्यभर दिवसा झोपायचंय तिच्यासाठी घर बघतोय आपण, हे दोघांपैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही. आठवलं की तिला स्वतःचीच कीव यायची आणि पाठोपाठ संताप.

“मी बघून येते,” ती म्हणाली आणि चपला पायांत सरकवून जिना उतरली.

गल्लीला वळसा घालून ती मागं आली. वर्कशॉपचं शटर अर्धं खाली होतं. कारागीर पायरीवर निवांत चहा पीत बसला होता. तिला बघताच त्यानं कप खाली ठेवला.

“आज काही बोलू नका ताई. आज आमचा आवाज नाही.”

“का नाही?”

“मोटर जळाली. दुरुस्तीला गेलीय. परवापर्यंत आराम करा तुम्ही.”

“परवा?” तिचा आवाज चिरकला. “अहो, परवा काय करू मी? आज चालवा ना! दुसरं काही मशीन असेल की. थोडा वेळ चालवा. पाच मिनिटं!”

कारागीर तिच्याकडे बघतच राहिला. “तुम्हीच ना त्या? रोज येऊन ‘बंद करा, बंद करा’ म्हणणाऱ्या?”

“हो, मीच.”

“मग आता झालंय काय?”

काय झालंय ते या भल्या माणसाला कुठून सांगायचं? ती मागं फिरली आणि जिना चढून वर आली.

नवरा चहा ओतत होता. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं, पण तरी त्यानं विचारलंच.

“मोटर जळालीय,” ती म्हणाली. “हस. हसून घे.”

“मी कशाला हसू? पण आता मी घरमालकाला सांगायचं काय? तो म्हणतो, इतकी वर्षं भाडेकरू राहिले, कुणाची तक्रार नाही. सबळ कारण दाखवा म्हणतो.”

“मी रेकॉर्ड करून दिलं होतं ना?”

“ते मिक्सरसारखं वाटतं गं. कुणीही म्हणेल, घरातलाच मिक्सर लावलाय.”

“तुला तसं वाटतं का?”

“मला काय वाटतं याला...”

“मला तुझं वाटणंच विचारायचंय!” तिनं कप आपटला. “मी काय जळालेलं दुकान आहे? दोन महिने सांगतेय, झोप होत नाही. डोळ्यांपुढं अंधारी येते. परवा एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्याला देणार होते मी! मोठ्या सिस्टरनं हात धरला म्हणून. नाहीतर तो माणूस गेला असता, आणि मग तू आला असतास फोटो काढायला.”

इंजेक्शनचं त्याला ठाऊक नव्हतं. तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि असं भांडणात सांगायचंही नव्हतं.

“तू खोटं बोलतेस असं मी कधी म्हटलं?” तो हळूच म्हणाला.

“खरं बोलते असंही कधी म्हटलं नाहीस.”

ती आत गेली, कपडे बदलले आणि पलंगावर आडवी झाली. भिंत गप्प होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा या घरात दिवसा नुसती शांतता होती, आणि तिचा तिला इतका राग आला की उशीत तोंड खुपसून ती रडली. रडता रडताच तिचा डोळा लागला.

बाहेरच्या खोलीत काहीतरी पडलं असावं. ताट असेल, नाहीतर झाकण. तिला नीटसं कळलंही नाही.

जाग आली तेव्हा ती बाथरूममध्ये होती.

क्षणभर तिला काही कळेना. मग कळलं, आणि कानशिलं तापली. दोन महिने ती इथंच झोपत होती. घरातली ही एकच जागा त्या भिंतीपासून लांब. कटर सुरू झालं की चादर-उशी उचलायची, दार लावून फरशीवर पडायचं, आणि तो यायच्या आत सगळं होतं तसं पलंगावर ठेवायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. शिकलीसवरलेली, कमावती बाई मोरीत झोपते, हे कोणत्या तोंडानं सांगणार? आज आवाज नव्हता, तरी कशाच्या तरी दणक्यानं पाय झोपेतच इकडे वळले होते.

पण आज अंगाखाली गादी होती. पलंगावरची गादी दुमडून, भिंतीला टेकवून कशीबशी बसवलेली. अंगावर कपाटातलं जाड पांघरूण. तिला हलवून गादी घातली गेली तरी जाग आली नव्हती, म्हणजे झोप किती साठली असेल! नळाखालची बादली काढून ठेवलेली होती, आणि गळक्या नळाच्या तोंडाला नवऱ्याचा हातरुमाल बांधून त्याचं टोक फरशीपर्यंत सोडलेलं होतं. थेंब रुमालावरून आवाज न करता खाली उतरत होते.

दार किंचित उघडं होतं. बाहेर संध्याकाळ झाली होती. नवरा दबक्या आवाजात फोनवर बोलत होता. पलीकडचा घरमालक मात्र गावाला ऐकू जाईल असा बोलत होता.

“कोण म्हणतं आवाज आहे? तुम्ही स्वतः ऐकलात का?”

“हो,” नवरा म्हणाला. “आज दिवसभर घरीच होतो मी.”

“मग?”

“फार आहे. माणूस झोपू शकत नाही त्या खोलीत.”

“हे असं तोंडी चालत नाही साहेब! तुम्हीच करारात घालून घेतलंत. लेखी द्या!”

नवरा जरा थांबला.

“देतो,” तो म्हणाला. “पाहणी केली, आवाज ऐकला, असं लिहून माझी सही करून देतो. उद्या येऊन घेऊन जा.”

पलीकडून घरमालक आणखी वरच्या पट्टीत काहीतरी सुरू झाला.

“हो, हो, कळलं,” नवरा म्हणाला. “पण जरा हळू बोला. आमच्याकडे झोपलंय माणूस.”

तिनं डोळे मिटून घेतले आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.