मनकर्णाबाईंचा चॅनेल

"या बाया एकमेकीची वाट पाहून नाही राहिल्या," हेडफोन कानावरून खाली ओढत मनकर्णाबाई म्हणाल्या.

प्रणालीला रागच आला. चार दिवस खपून तिने ते रेकॉर्डिंग साफ केले होते आणि सासूने ते अर्ध्या मिनिटात नापास केले. मनकर्णाबाईंचा घसा पाच महिन्यांपासून बसलेला होता, पण खोट काढण्यापुरता आवाज त्यांच्याकडे नेहमीच शिल्लक असे.

येत्या गुरुवारी अकोल्याच्या दवाखान्यात त्यांचे ऑपरेशन होते. गाठ स्वरयंत्रातच होती. डॉक्टरांनी सरळ सांगितले होते, जीव वाचेल, आवाज नाही. आणि भादव्याच्या पौर्णिमेला घरोघरी बसवतात त्या भुलाबाईची गाणी, अमरावतीतल्या त्यांच्या गल्लीत पहिल्यापासून शेवटपर्यंत येणाऱ्या त्या एकट्याच. बाकीच्या नुसत्या मागून म्हणणाऱ्या. म्हणून मागच्या रविवारी प्रणालीने आठ जणींना पुढच्या खोलीत बसवले, आठ पदरांना आठ छोटे माइक लावले आणि आठ वेगळ्या चॅनेलवर आवाज घेतला. शेजारच्या गोदाबाईंनी आधी मोडताच घातला होता. "भुलाबाई बसाले अजून दोन महिने हायेत. आताच तिची गाणी म्हनाची?"

"डाक्टरले महिना नाही समजत," मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या. "भुलाबाईले मी सांगीन." आणि सुनेला छळणाऱ्या सासूचे गाणे त्यांनी सुनेकडेच बघत, चवीचवीने म्हटले होते.

प्रणाली मोर्शीची. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती घरूनच काम करायची. मीटिंगमध्ये लावलेल्या पाच-सहा माइकांचा आवाज साफ करणारे प्रोग्राम लिहायची. गल्लीला हे काम कधी कळले नाही. मनकर्णाबाईंना मात्र सगळ्यात नाक खुपसायची सवय. मळ्यातली झेंडूची तोड आटोपून आल्या की त्या सुनेच्या खुर्चीमागे उभ्या राहायच्या. एकदा विचारलेच त्यांनी, "एवढे बारके बारके तुकडे काहून लिहून राहिली?"

"एक तुकडा, एक काम," प्रणाली म्हणाली. "आत जे टाकलं तेच पाहून बाहेर काढाचं. आधी काय आलतं, ते त्यानं ध्यानात नाही ठेवाचं. आत्याबाई, चक्कीवर बेसनामागून आपली ज्वारी दळली तं काय होते?"

"पिठाले बेसनाचा वास येते. म्हनून तं पयले इचारा लागते, आधी कोनाचं दळलं."

"माही चक्की दरखेपी धुतलेली असते. अन् ज्वारीचा डबाही भरलेला तसाच राहते. पीठ निराळ्या डब्यात."

"अशी चक्की आपल्या इथं असती, तं अर्धे भांडनं झाले नसते," मनकर्णाबाई म्हणाल्या. प्रणालीच्या कामाचे इतके नीट कौतुक कंपनीतही कोणी केले नव्हते.

आता त्याच धुतलेल्या चक्कीतून काहीतरी भलतेच बाहेर आले होते. प्रणालीने हेडफोन लावला. सासू खरेच म्हणत होती. गाण्यात आधी मनकर्णाबाई एकट्या प्रश्न विचारायच्या आणि मग बाकीच्या सात जणी उत्तर द्यायच्या; इथे प्रश्न पुरा होण्याआधीच सातही जणी उत्तर द्यायला लागल्या होत्या. आठही आवाज एकदम सुरू, एकमेकांच्या अंगावर.

तिने प्रोग्रामचे ते बारके तुकडे, म्हणजे फंक्शने, पुन्हा वाचली. तीनच होती. एक शेजारणीचा माइकमध्ये शिरलेला आवाज गाळणारे, दुसरे सुरुवातीची शांतता कापणारे, तिसरे आवाज सारखा करणारे. ती एकामागे एक जोडून तिने प्रत्येक चॅनेलवर वेगवेगळी चालवली होती. एकाही फंक्शनात चूक नव्हती, आणि म्हणूनच ती चक्रावली. मग तिने कापलेल्या शांततेचे आकडे काढून पाहिले. मनकर्णाबाईंच्या चॅनेलवर चार सेकंद. मागून म्हणणाऱ्या सात जणींपैकी माणिकबाईंच्या चॅनेलवर एकोणीस.

पण माणिकबाईंचे ते एकोणीस सेकंद रिकामे नव्हते. माणिकबाई ऐकत होत्या, आपली पाळी येण्याची वाट बघत होत्या. फंक्शनाला एका वेळी एकच बाई दिसत होती, त्याला हे कुठून कळणार? कंपनीत ही चूक तिच्या हातून कधीच झाली नव्हती. मीटिंगमधली माणसे एकमेकांशी बोलतात हे धरून ती तिथले सगळे माइक एकत्रच घ्यायची; घरच्या बायांच्या बाबतीत मात्र विसरली.

"मंग आता? गेला का माहा आवाज?" मनकर्णाबाईंनी विचारले. त्या घाबरल्या होत्या आणि ते त्यांना लपवता आले नाही. रविवारनंतर त्यांना एक कडवेही ओढवत नव्हते. पुन्हा म्हणू, असे म्हणायची सोय उरली नव्हती.

"नाही, आत्याबाई. ज्वारी डब्यात तशीच हाये. रविवारचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं हाये."

तिने कापणारे फंक्शन बदलले. आता ते आठही चॅनेल एकदम हातात घेई, सर्वांत आधी कोण सुरू झाली ते बघे आणि सगळ्यांचे तेवढेच चार सेकंद कापी. बदल पाच-सहा ओळींचा होता. मनकर्णाबाईंनी पूर्ण गाणे ऐकले, न हलता. "आता पाहून राहिल्या वाट," त्या म्हणाल्या. पुढचे तीन दिवस त्या जमेल तेवढे बोलल्या, पण प्रणालीच्या कानात राहिले ते हेच वाक्य.

ऑपरेशननंतर सोळा दिवसांनी प्रणालीच्या नवऱ्याने, मनोजने, आईला अकोल्याहून घरी आणले. गळ्याशी पांढरे फडके होते. शेजारणी भेटायला आल्या आणि मनकर्णाबाईंना ऐकूही येत नसावे अशा थाटात मोठमोठ्याने बोलून गेल्या. त्या गेल्यावर मनकर्णाबाईंनी लॅपटॉपकडे बोट दाखवले.

प्रणालीला या घटकेचीच भीती होती. स्वतःचा गेलेला आवाज ऐकून बाई कोलमडेल, असे तिला वाटत होते. तरी तिने फाइल उघडली. पडद्यावर आठ चॅनेलचे आठ पट्टे आले. मनकर्णाबाईंनी आपल्या पट्ट्यावर बोट ठेवले. प्रणालीने तो आवाज वाढवला. त्यांनी जोरात मान हलवली आणि हाताचा पंजा खाली दाबला. बंद कर.

तिने बंद केला आणि गाणे सुरू केले. सात जणींची पाळी अजून यायची होती, त्यामुळे खोलीत काहीच ऐकू येईना. मनकर्णाबाईंचे ओठ हलत होते, पण त्या मागे राहिल्या. त्यांची ओळ संपायच्या आतच सात जणी सुरू झाल्या. त्यांनी बोटाने खूण केली, पहिल्यापासून.

या खेपेला त्यांनी पदर सावरला, मान ताठ केली आणि मांडीवर ठेका धरला. पंधरा सेकंद त्यांचे ओठ हलत राहिले. मग ते मिटले, आणि सातही जणींनी त्यांना उत्तर दिले.