सिंगापूरचा ठिपका

नारळ पडला की आवाज होतो. सुपारी पडली तर कुणाला कळत नाही.

सालवडच्या नाक्यावर रिक्षावाला ओरडतो आहे. "बोईसर, बोईसर, एक सीट! अंकलजी, बैठ जाओ!" शांताराम सावे बसत नाहीत. त्यांच्या पिशवीत वाडीच्या पाण्याच्या मोटारीचा नवा स्टार्टर आहे आणि त्यांना उलट बाजूला, तारापूरकडे जायचं आहे.

वारा फिरला की कारखान्यांचा वास वाडीपर्यंत येतो. रोज एकच वास नसतो. बायको, सुलू, म्हणते, "आज गोड हाय."

सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे.

मोबाइलवर ब्लॉगवाल्यांचा निरोप: आम्ही नव्या रूपात आलो आहोत. नव्या सोयी वापरून पाहा.

*

"काका, पासवर्ड?"

"तुलाच ठाऊक."

"मला कसा ठाऊक?"

"तूच टाकलास ना."

शांतारामांची पुतणी भाविका बोईसरजवळ बेटेगावला राहते आणि एका पॅकिंग कंपनीच्या ऑफिसात काम करते. रविवारी ती काकांच्या नव्या सोयी बघायला आली होती. वाडीतले चिकू घरपोच विकता यावेत म्हणून हा ब्लॉग तिनेच सुरू करून दिला होता. त्यावरून चिकू काही कोणी मागवले नाहीत. शांताराम मात्र लिहीत राहिले. आज नारळ उतरवले. आज मोटार तापली. रोज संध्याकाळी चार ओळी, ओटीवर बसून.

पहिली सोय रंगांची होती. भाविकाने पान हिरवं केलं, मग केशरी, मग परत पांढरं.

दुसरी सोय आवाजाची. तिने बटण दाबलं आणि एक शहरी बाई स्पष्ट, कोरडं बोलू लागली. "आज नारळ उतरवले. दोन किडके निघाले."

आतून सुलूचा आवाज आला. "कोण बाई आली गो?"

"मशीन हाय काकी. काकांचं लिवलेलं वाचतं."

"मंग चाय दोनच टाकते."

भाविका हसली. शांतारामही हसले. त्यांचं लक्ष नकाशाकडे होतं. नकाशा जुना, पहिल्यापासूनचा. जिथून कोणी वाचलं तिथे निळा ठिपका उमटायचा. बोईसरला एक, म्हणजे भाविका. पालघरला एक, तो त्यांचा जुन्या ऑफिसातला मित्र आत्माराम. आणि खाली, समुद्र ओलांडून, सिंगापूरला एक.

त्यांचा मुलगा प्रणव सिंगापूरला जहाजं दुरुस्त करायच्या कारखान्यात होता, असं गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं. रस्त्याकडची अर्धी वाडी गोदामाला द्यावी असं त्याचं म्हणणं. शांताराम सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ही वाडी तुझी नाय." दुसऱ्या दिवशी प्रणव गेला. नंबर बदलला. नंतर त्याचा शब्द आला नाही, आला तो हा ठिपका. रोज, पहाटे. वाडीला वीज पहाटेच मिळायची आणि प्रणव शाळेत होता तेव्हापासून उठून मोटार सुरू करणं हे त्याचं काम होतं. त्या वेळेला उठून वाचणारा दुसरा कोण असणार? शांतारामांनी हे सुलूला सांगितलं, आणखी कुणाला नाही.

"काका, ही सगळ्यात भारी सोय." भाविकाने मोबाइल त्यांच्या बाजूला वळवला. "कंपन्यांची मशीनं दिवसभर सगळ्यांचे ब्लॉग उघडत फिरतात. माणूस कोणी नसतं. हे बटण दाबलं की ती गाळली जातात. खरे वाचक तेवढे राहतात."

तिने दाबलं. नकाशा क्षणभर पांढरा झाला, मग पुन्हा उमटला. बोईसर होतं. पालघर होतं.

"बघा, कसा साफ झाला."

"सिंगापूर?"

"मशीनच होतं ते. तिकडे कॉम्प्युटरची गोदामंच्या गोदामं हायेत. माज्या मैत्रिणीच्या ब्लॉगवर पण येतं सिंगापूर. ती तर मेंदीची डिझाइनं टाकते."

"वाचत असल ना पण."

"वाचत नाय काका. उघडतं नि जातं."

"रोज पहाटे?"

"त्याला काय पहाट नि—"

भाविकाचं बोट काचेवरच थांबलं. तिने काकांकडे पाहिलं. शांताराम अंगणातल्या सुपारीकडे बघत होते.

"काका, दादा दुसऱ्या कुठून तरी..."

"चाय घे. निवला."

तिने चहा घेतला. निवलेला होता. सुलूने तिला चिकूंची पिशवी दिली आणि ती गेली.

शांताराम विहिरीवर गेले. इलेक्ट्रिशियन स्टार्टर बसवून गेला होता. त्यांनी त्याचं झाकण उघडलं, बंद केलं. आपल्याला आत काही वाटतं आहे का ते त्यांनी थोडा वेळ पाहिलं. काही वाटत नव्हतं. वास आज आंबट होता. ओटीवर येऊन त्यांनी मोबाइल उघडला आणि भाविकाने दाबलेलं बटण परत दाबलं. ठिपका आला. जिथे होता तिथेच, तेवढाच निळा.

सुलू पदराला हात पुसत आली. रोज याच वेळेला यायची.

"अवो, आला व्हता?"

शांतारामांनी मोबाइल पुढे धरला. तिने ठिपक्यावर बोट ठेवलं. नकाशा जरा सरकला तशी तिने बोट काढून घेतलं.

"उठतो म्हंजे येळेवर," ती म्हणाली. "मी म्हनत व्हती, तिकडं कोन उठवनार."

"उठतो."

"आज काय लिवणार?"

"बगू."

ती आत गेली. कुकरची शिट्टी झाली. शांतारामांनी नवी नोंद उघडली. आजवर एकाही नोंदीत त्यांनी कुणाचं नाव घातलं नव्हतं. वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होईल, मग तो यायचा बंद होईल, असं त्यांना वाटायचं.

त्यांनी लिहिलं, प्रणव.

पुढचे शब्द पान स्वतःच सुचवू लागलं. ही चौथी सोय. करड्या अक्षरांत आलं, तू कसा आहेस? शांतारामांनी ते पुसलं आणि एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत लिहिलं:

प्रणव, मोटारीचा स्टार्टर बदलला. हिरवं बटण आता वरच्या बाजूला आहे. लाल खाली. अंधारात चुकू नये म्हणून सांगितलं.

एकदा वाचलं. मग 'प्रसिद्ध करा' दाबलं.

प्रणव गेला त्या पहाटे मोटार त्यानेच सुरू केली होती. शांताराम उठले तेव्हा सगळ्या सुपाऱ्यांची आळी पाण्याने काठोकाठ भरलेली होती.