मटारातली वाफ

बंद पडलेल्या मिलच्या गोदामात शीतगृह निघालं आणि दुसऱ्याच हिवाळ्यात तिथे भूत शिरलं. गोदामात जमलेली गर्दी तरी तसंच म्हणत होती, कारण थंडीत ठेवलेला मटार आतून तापून सडत होता.

भूत काढायला बोलावलेल्या बाबाने लाकडी पॅलेटवरच्या चळतीतलं मधलं खोकं ओढून फाडलं. त्या गारठ्यात मटारातून वाफ उठली. लोकांनी हात जोडले.

"देखा! मिलमध्ये मेलेल्या मजुराची आग आहे ही! त्याची विधवा इथे शेंगा भरते. तिच्या कपाळी डाग द्या, आत्मा निघून जाईल."

भरणाऱ्या बायकांत मिलकामगाराची विधवा एकच होती, चंपा. शेगडीत चिमटा लाल होत होता. तिने मालक लक्ष्मीकांतजींकडे पाहिलं, त्यांनी मान फिरवली. रोज सोबत डबा खाणाऱ्या बायका हळूहळू मागे सरकल्या.

"रुको भिया!" रत्नपाल पुढे आला. मिलमध्ये तो पंखे सांभाळायचा, आता इथली यंत्रं. "एक चळत बाबांचे चेले भरतील, त्यांच्या पद्धतीने, मंतरलेले कागद चिकटवून. दुसरी चंपाताई भरेल, मी रचेन. सकाळी तिची तापलेली निघाली, तर चिमटा माझ्या कपाळी लावा."

कुलूप लोकांनीच लावलं. चंपाला झोप आली नाही. हात पुन्हा पुन्हा कपाळाकडे जात होता.

सकाळी चेल्यांच्या खोक्यातून वाफ निघाली. थर्मामीटर चोवीस अंशांवर. चंपाच्या खोक्यात सात!

"तोडलेला मटारही श्वास घेतो, त्याची उष्णता निघते," रत्नपाल म्हणाला. "ती जावी म्हणून खोक्यांना भोकं असतात. आपण खोकी कशीही खेटून रचली, भोकं बुजली, माल तापला. मग भुताची वाट अडवायला बाबांनी उरलेल्या भोकांवर मंतरलेले कागद चिकटवले! गार हवा बाहेरच फिरली, मधला माल उकडला. मी फक्त भोकासमोर भोक ठेवलं. वाफ म्हणाल, तर थंडीत आपल्या तोंडातूनही निघते."

"आत्मा जगह बदल गया!" बाबा ओरडला.

"तुमच्या चेल्यांच्या खोक्यात?" चंपाने विचारलं.

कुणीतरी हसलं. बाबा निघाला, तेव्हा त्याला कुणी वाट करून दिली नाही. त्याला अंग चोरून जावं लागलं.

"चंपाताई, चूक झाली," लक्ष्मीकांतजी पुटपुटले.

"चिमटा तापत होता, तेव्हा तुम्ही इथेच होतात," ती म्हणाली आणि शेगडीवर पाणी ओतलं.

माल का सडला हे शोधायला थर्मामीटर पुरतो. माणसाला डाग द्यायला कुणी सांगितलं, तर हात उचलण्याआधी त्याच्याकडे पुरावा मागा.