खाप्याचा शेवटचा मुक्काम

"लेकरू घडी-घडी गोपिकेपाशी देत जाऊ नको वं," निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या मनकर्णाबाई कौसल्येला म्हणाल्या होत्या. "तुझ्या लेकरासाठी नाही, तिच्यासाठी सांगून राहिली."

गोपिकेची दोन बाळं जन्मतःच गेलेली. कौसल्या बी.ए. झालेली; असलं बोलणं तिला ऐकवत नसे. "मावशी, असं काही नसते," म्हणून ती हसली आणि दुपट्यांच्या घड्या करत राहिली.

त्र्याहत्तर सालची दिवाळीची सुट्टी. कौसल्या नि रविंद्र, गोपिका नि तिचा वामनराव, एक जुनी जीप, दोन तंबू आणि दहा महिन्यांची चिमी. कॉलेजपासूनची चौघांची दोस्ती. चिखलदरा, पचमढी, छिंदवाडा; एकवीस दिवस, जिथे पाणी तिथे मुक्काम. कौसल्येचा हात सगळा रस्ताभर चिमीच्या कपाळावर. विंचू, स्टोव्ह, दरी, कशाची म्हणून धास्ती नव्हती तिला?

पचमढीला चिमी खरंच तापली. डॉक्टरचं औषध सुरू होतं, तरी ताप हटेना. तेव्हा गोपिका म्हणाली, "आमच्या घरी अशा वक्ताले लेकरू विकतात. मूठभर धान्य देऊन दुसरीनं विकत घ्यायचं, म्हणजे दुखणं घर चुकते. बरं झालं, की आईनं मूठ परत देऊन लेकरू घ्यायचं."

"अन् तू शिकलेली!" रविंद्र हसला.

"शिकली भाऊजी. पण लेकरू तापून राहिलं ना!"

ओंजळ कौसल्येनंच पुढे केली. गोपिकेनं तीत मूठभर तांदूळ घातले आणि चिमीला पदराखाली घेतलं. सकाळी ताप उतरला. औषधानं उतरला, हे कौसल्येला ठाऊक होतं. म्हणूनच परत घेण्याचं तिनं मनावर घेतलं नाही. पुढचे तेरा दिवस गोपिकाच चिमीला न्हाऊ घाली, भात भरवी, कुशीत निजवी. कौसल्येला कितीक महिन्यांनी सलग झोप मिळाली. चिमीवर तिची नजर होतीच. गोपिकेकडे मात्र तिनं पाहिलं नाही.

शेवटचा मुक्काम पडला खाप्याला, कन्हानच्या रेतीत. गोपिकेचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. सकाळी पुरुष तंबूचे खुंटे उपटत होते.

"खुंटा उपट ना गा," वामनराव म्हणाला, "रेती काहून उपसून राहिला? नदी नेतो का नागपूरले?"

सगळे हसले. त्या हसण्यातच कौसल्येनं डब्यातून मूठभर तांदूळ काढले आणि गोपिकेच्या पदरात टाकले.

"घे वं तुझे तांदूळ, दे माझी लेक!"

गोपिका हसली नाही. तिनं चिमीला आणखी आवळून धरलं. "संध्याकाळी घे ना. माझं घर तर पाहू दे तिले."

"थंडी पडते वं संध्याकाळी. पोरगी पुन्हा तापायची."

गोपिकेनं चिमीला कौसल्येच्या हातात दिलं. चिमी रडत पुन्हा गोपिकेकडे झेपावली. गोपिकेनं पाठ फिरवली आणि पदरातला एक दाणाही न सांडता रेतीतून घराकडे चालू लागली. चपला तंबूपाशीच राहिल्या. कौसल्येला हाक मारायची होती. काय म्हणून मारणार?

नागपूरला चिमी तीन दिवस रडली, चौथ्या दिवशी विसरली. तिचं विसरणंच कौसल्येला जास्त लागलं. तिनं गोपिकेला तीन पत्रं टाकली. उत्तर आलं ते वामनरावाचं: "ती धड जेवत नाही, बोलत नाही. घरात लेकराची झोळी बांधून ठेवली आहे, सोडू देत नाही. वहिनी, तुम्ही आणि चिमी सध्या येऊ नका."

म्हणून कौसल्या जात नाही. पण खाप्याच्या वाटेनं, सावनेरकडे कोणी निघालं, की ती त्याला दारात गाठते. तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. खाप्याला उतरा, नदीकडच्या गल्लीत वामनराव मास्तरांचं घर विचारा. गोपिका उठून बसते का, दोन घास पोटात जातात का, एवढं पाहून या. कौसल्येनं पाठवलं म्हणू नका. आणि सोबत लेकरू असेल, तर ते बाहेर कोणापाशी ठेवून मगच आत जा.