पडद्यावरचा हात

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. तयार शर्ट टेबलावर आला की ती तो उलटा करायची, बगलेची शिवण दोन्ही हातांनी ओढून पाहायची, एकेक बटण पिळून बघायची आणि मगच पुढे सरकवायची. शिलाईवाल्या बायका म्हणत, जन्मली तेव्हा या बाईने आधी सुईणीचे हात तपासले असणार. भिंगबाई यावर हसत नसे आणि रागावतही नसे. शंका घेणं हे तिचं कामच होतं, आणि ते काम ती घरीही घेऊन यायची.

तिचा नवरा रंगारी. लोकांच्या भिंती आणि छतं रंगवण्यात त्याचा जन्म गेलेला. एके सकाळी दाढी करताना वस्तरा त्याच्या हातातून गळून पडला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. दवाखान्यातून तो आपल्या पायांनी घरी आला, बोलणंही हळूहळू ताळ्यावर आलं, पण उजवा हात खांद्यापासून लोंबकळत राहिला तो राहिलाच. तेव्हापासून कारखान्यात बटणं तपासायला जाण्याआधी भिंगबाई घरी नवऱ्याची बटणं लावून द्यायची.

दवाखान्यात मागच्या अंगाला व्यायामाची खोली होती. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई रुग्णांच्या डोळ्यांवर काळा डबा चढवत. व्हर्च्युअल रिॲलिटी असं त्याचं नाव, पण घरात सगळे ‘डबा’च म्हणत. डबा चढवला की माणसाला आपण दुसऱ्याच जागी उभे आहोत असं दिसे. पोरंटोरं त्यावर खेळतात एवढंच भिंगबाईच्या कानावर होतं. पण बाई सांगत की आता आग विझवणारे त्यात आगीत शिरायचा सराव करतात, शिकाऊ सर्जन त्यात पहिली शस्त्रक्रिया करतात, उंचीची भीती असलेले त्यात गच्चीच्या कठड्याशी उभे राहायला शिकतात. रंगाऱ्यासाठी त्यांनी एक कोरी भिंत ठेवली होती. हातात पट्ट्याने यंत्राची एक मूठ बांधायची. डब्यात त्या मुठीचा रोलर होई, आणि रंगारी भिंत रंगवी; त्याला दिसे ते शेजारच्या संगणकाच्या पडद्यावर बाकीच्यांनाही दिसे.

भिंगबाईला रजा मिळत नसे, म्हणून त्याची धाकटी बहीण त्याला नेई आणि परत आणी. ही नणंद मनाने साधी आणि तोंडाने सैल. एका संध्याकाळी ती चहा पिता पिता सहज म्हणाली, “वहिनी, दादाचा हात आता पार छतापर्यंत जातो. मी स्वतः पडद्यावर पाहिलं.”

भिंगबाईच्या हातातला कप तसाच राहिला. छतापर्यंत? ज्या हाताने घरात चमचा उचलवत नाही, तो हात तिकडे छत रंगवतो? तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक समाधान होतं. तेच तिला खटकलं. नणंद गेल्यावर तिने विषय काढला तेव्हा तो म्हणाला की तिथे जातो हात, घरी नाही जात, का ते त्यालाही कळत नाही. कारखान्यात असली उत्तरं तिने खूप ऐकली होती. मशीनवर तर शिवण बरोबर होती, तुमच्या टेबलावर येऊन कशी उसवली कोण जाणे.

तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. माणूस आजारी पडला की त्याला लाडाची सवय लागते, हे तिने सासऱ्यांच्या वेळी पाहिलं होतं. पाठ चोळून घ्यायची, ताट हातात घ्यायचं, आणि घरात कुणी नसताना हळूच उठून पान खायला जायचं. आपला नवराही त्याच वाटेवर नाही ना? ती डोळ्यात तेल घालून बसली. झोपेचं सोंग घेऊन पडून राहिली आणि अर्ध्या मिटल्या पापण्यांतून पाहत राहिली की तो अंगावरचं पांघरूण कोणत्या हाताने ओढतो. डाव्याच हाताने ओढायचा. चहाचा कप मुद्दाम त्याच्या उजवीकडे ठेवला. तो सगळं अंग वळवून डाव्या हाताने घ्यायचा. दाराआडून पाहिलं, आरशातून पाहिलं. सोंग असेल तर फार पक्कं होतं.

शेवटी रविवारी दुपारी ती संत्री सोलत असताना तिच्याच्याने राहवलं नाही. एक संत्रं तिने अचानक, काही न बोलता, त्याच्या उजव्या अंगाला फेकलं. माणसाचा हात अशा वेळी विचारून उठत नाही, आपोआप उठतो, असा तिचा हिशेब. संत्रं त्याच्या छातीवर आदळलं आणि खाली पडून कपाटाखाली गेलं. हात जागचा हलला नाही. तो तिच्याकडे पाहत राहिला. काय झालं ते त्याला लगेच कळलं होतं.

“पाहिलंस?” एवढंच तो म्हणाला.

त्या रात्री भिंगबाईला लाज वाटली, पण लाजेने शंका मिटत नाही. तिने फक्त दिशा बदलली. नवरा खोटा नसेल तर मग कोण खोटं आहे?

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि नणंदेऐवजी स्वतः त्याला घेऊन गेली. व्यायामाची खोली लहानशी होती. भिंतीला हिरवट तैलरंग, कोपऱ्यात दोन खुर्च्या, टेबलावर संगणकाचा पडदा. रंगाऱ्याने खोलीत शिरता शिरता भिंतीकडे पाहून नाक मुरडलं, म्हणाला, खाली अस्तराचा हात न देताच रंग मारलाय. बाई हसल्या. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, डबा चढवला, मूठ बांधली.

भिंगबाईने आधी पडदा पाहिला. पडद्यावर मोठी पांढरी भिंत होती, आणि एक हात रोलर घेऊन खालून वर जात होता. संथ, सरळ, कोपऱ्यापर्यंत. निळा पट्टा मागे उमटत गेला. डब्याखाली रंगाऱ्याचे ओठ थोडे उघडे होते, तसे ते काम रंगात आलं की असायचे. मग तिने पडद्यावरची नजर काढून खऱ्या हाताकडे पाहिलं.

तो मांडीपासून जेमतेम वीतभर उचलला गेला होता. थरथरत होता, आणि परत मांडीवर येत होता. पडद्यावरचा हात मात्र छताला लागला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बाईंना दंडाला धरून दाराबाहेर नेलं आणि हळू आवाजात विचारलं की हे काय चाललंय. बाई गडबडल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की यंत्र हालचाल वाढवून दाखवतं. हात एवढासा हलला तरी डोळ्यांना पुरा हललेला दिसतो, मेंदूला वाटतं जमतंय, आणि तो पुन्हा पुन्हा हुकूम पाठवत राहतो. जसजसा खरा हात सुधारेल तसतसं वाढवणं कमी करत जायचं. सुरुवातीला तो बोटही हलवत नव्हता, आज वीतभर हलवतो, हे खोटं नाही.

“त्यांना माहीत आहे का हे?” भिंगबाईने विचारलं.

बाई म्हणाल्या, पहिल्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं होतं. बहीणभाऊ दोघांनी मान डोलावली होती. पण आता वाटतं की त्या दोघांना ते पोचलं नसावं. आणि खरं सांगायचं तर नंतर बाईंनी स्वतःही तो विषय मुद्दाम काढला नाही, कारण त्याचा उत्साह पाहून त्यांनाच बोलवेना. “तुम्ही लगेच सांगू नका,” त्या म्हणाल्या. “आणखी थोडे दिवस जाऊ द्या.”

घरी येताना रस्त्याच्या कडेला एका दुकानाचं छत रंगवायचं काम चालू होतं. रंगारी तिथे थांबला, वर पाहिलं आणि म्हणाला की आणखी थोडा सराव झाला की तो शिडीवर चढून बघणार आहे. घरच्या हवेत हाताला काय होतं कोण जाणे, पण शिडीवर तो आपोआप जाईल, त्याची खात्री आहे. हे ऐकून भिंगबाईने थांबायचं नाही असं ठरवलं. घरी पोचताच दार लावून घेतलं, त्याच्यासमोर बसली आणि सगळं सांगून टाकलं. आपण त्याच्यावर संशय घेतला होता हेही सांगितलं.

त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. मग विचारलं, “म्हणजे ती भिंत मी रंगवलीच नाही?”

“वीतभर रंगवलीत,” ती म्हणाली.

तो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. पुढच्या खेपेला तो दवाखान्यात गेला नाही, त्यानंतरच्यालाही नाही. नणंद आली आणि वहिनीला घालूनपाडून बोलली. दादा आनंदात होता, तुझ्याच्याने ते बघवलं नाही, तुला शर्टातली भोकं शोधायची सवय, तू माणसातही शोधतेस.  आपण केलं ते बरोबर की चूक हे भिंगबाईला स्वतःलाच कळत नव्हतं. तेवढा हलणारा हातही आता हलेनासा झाला. सकाळी बटणं लावताना तो आखडल्यासारखा लागे, आणि मग तिला कारखान्यात कशातच लक्ष लागत नसे. एकदा तर तिने बाहीच उलटी शिवलेला शर्ट पुढे सोडला, आणि शिलाईवाल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या.

मग एके दिवशी ती कामावरून आली तर रंगारी कपडे घालून दाराशी बसला होता. डाव्या हाताने जमतील तेवढी बटणं त्याने लावली होती. वरची दोन राहिली होती. त्याने म्हटलं की उद्या त्याला दवाखान्यात जायचंय, पण ती असेल तरच. बहीण नको, ती जे दिसेल त्याला हो म्हणते.

दवाखान्यात त्याने डबा चढवण्याआधीच बाईंना बजावलं. “आहे तेवढंच दाखवा. वाढवू नका.”

बाईंनी त्याला समजवायचा प्रयत्न केला, कमी वाढवू म्हणाल्या, निम्मं करू म्हणाल्या. तो ऐकेना. शेवटी त्यांनी यंत्र तसं लावलं. भिंगबाई पडद्याजवळ उभी राहिली. भिंतीच्या अगदी तळाशी, जिथे लोक पाय टेकवतात तिथे, एक लहानसा निळा डाग उमटला. रंगारी डब्याखालून शिवी हासडून म्हणाला की शिकाऊ होता तेव्हाही त्याने इतकं घाण काम केलं नव्हतं. पण तो उठला नाही. डागाच्या शेजारी दुसरा डाग काढत राहिला.

मग ती दर खेपेला जाऊ लागली. मुकादमाशी भांडून तिने त्या दिवसांची पाळी बदलून घेतली. प्रत्येक वेळी ती आधी बाईंच्या खांद्यावरून वाकून पाही, आणि आज वाढवलं नाहीत ना, असं विचारी. बाई वैतागत, पण पुढे पुढे त्यांना त्याची सवय झाली. एकदा तर त्यांनीच खुर्ची सरकवून तिला पडद्यासमोर बसवलं. निळा पट्टा कधी बोटभर वर जाई, कधी आठवडाभर जागचा हलत नसे, कधी खालीही येई. पुष्कळ वेळा नवराबायकोला वाटलं की आता पुरे. आपण गप्प राहिलो असतो तर एव्हाना हात कुठे पोचला असता, हा विचार भिंगबाईला काही सोडत नसे.

थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. रंगारी बराच वेळ रोलर ओढत होता. अचानक त्याने डाव्या हाताने डबा कपाळावर सरकवला आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात हवेत होता, समोर, थरथरत. तो बाईंकडे वळला नाही. बायकोकडे वळला.

“अगं, बघ जरा. खरंच आहे का?”

भिंगबाई उठून त्याच्याजवळ गेली. खांदा पाहिला, कोपर पाहिलं, हाताखाली काही आधार आहे का तेही पाहिलं. खाली नुसती हवा होती.

“आहे,” ती म्हणाली. “छातीपर्यंत. त्याच्या वर नाही.”

त्याने मान हलवली. हात दमून खाली येईपर्यंत रंगारी तो तिथेच धरून पाहत राहिला. मग डबा पुन्हा डोळ्यांवर ओढला आणि बाईंना म्हणाला की भिंत पुसा, पहिल्यापासून मारतो.